शिकारी शंभूला डोळे नाहीयेत

शिकारी शंभूला डोळे नाहीयेत. शंभू म्हणजे टिंकल ह्या मुलांच्या इंग्रजी कॉमिक मासिकातला हॅटवाला शिकारी. त्याला डोळे नाहीत हे मला वयाच्या ४५व्या वर्षी कळलं, आणि तेही एका पाच वर्षांच्या पोरीने सांगितल्यावर.

झालं असं की मे महिन्यात ताई आणि भाची कराडला आलेल्या, दुपारची लाईट गेलेली, टॅबची बॅटरी संपलेली, पोरगी नुसती घरभर पाय आपटत फिरत होती. आई म्हणाली, "तिला तुझी ती बुकं दे की बघायला, कपाटाखाली पडल्यात नुसती." मी जरा नाखुशीनेच दिली कारण माझ्या जुन्या टिंकलांना मी कुणाला हात लावू देत नाही (बायकोलाही नाही, तिला त्यात काडीचा रस नाही हा भाग वेगळा). चिऊला अजून वाचता येत नाही, बाराखडीपर्यंतसुद्धा गाडी आलेली नाही, इंग्रजी तर लांबच. मला वाटलं दोन मिनिटं पानं फडफडवेल नि टाकून देईल. तर ही फरशीवर पालथी पडून अर्धा तास एकाच गोष्टीवर. मग उठून माझ्याकडे आली.

"मामा, ह्या काकांना डोळे का नाहीत?"

"आहेत की, टोपीखाली असतील."

"मग त्यांना वाघ कसा दिसतो?"

मी पुस्तक ओढूनच घेतलं तिच्या हातातून. पुढचं पान बघितलं, मागचं बघितलं, दुसरा अंक काढला, तिसरा काढला. सगळीकडे तेच, हॅट पार नाकापर्यंत ओढलेली, खाली मिशी, बास. डोळे नाहीतच! आणि मग एकदम ट्यूब पेटली की अरे हाच तर जोक आहे सगळा. हा माणूस भित्रा, शिकारी म्हणून गाजलेला, आणि प्रत्येक गोष्टीत वाघ, चोर, जे काय असेल ते चुकून माकून पकडतो, कारण त्याला समोरचं दिसतच नाही. वसंत हळबे नावाच्या चित्रकाराने १९८३ साली हे काढून ठेवलंय, आणि मी ह्या गोष्टी कमीत कमी शंभर वेळा वाचल्यात. वाचल्यात. बघितल्या नाहीत.

कारण सांगतो. आमची शाळा मराठी, इंग्रजी यायचं बेताचं, त्यामुळे टिंकल हातात आलं की सगळा जीव त्या फुग्यातल्या अक्षरांत अडकलेला. शेजारी डिक्शनरी. एक फुगा संपला की पुढचा फुगा, चित्र म्हणजे दोन फुग्यांच्या मधली रिकामी जागा. आणि पुढे इंग्रजी यायला लागलं तरी सवय तीच राहिली. मला वाटतं आपल्याकडे बहुतेक लोक कॉमिक्स अशीच वाचतात, म्हणून तर "पंधरा मिनिटांत संपतं, त्याला एवढे पैसे कशाला" असं म्हणतात. अहो पंधरा मिनिटांत तुम्ही फक्त डायलॉग वाचलेत.

तर त्या दुपारपासून महिनाभर मी एक उद्योग केला. आपली आवडती कॉमिक्स एकेक करून परत काढली आणि पहिल्या वेळेला फुगे वाचायचेच नाहीत, चिऊसारखं नुसतं बघायचं, मग दुसऱ्यांदा वाचायचं. ऑफिसातला एक जण बरेच दिवस मागे लागलाय की कुठली कॉमिक्स चांगली ते सांग, त्याला व्हॉट्सॲपवर टाइप करता करता एवढं लांबलं की म्हटलं इथेच लिहून टाकू.

सुरुवात वेताळापासून, म्हणजे इंग्रजीतला मुखवटेवाला फँटम, दुसरीकडून करणं शक्यच नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जण घराच्या ओसरीतच लायब्ररी चालवायचे, दिवसाला चार आणे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स लटकवलेली. त्यात निम्मी इंद्रजाल, वेताळ त्यातच यायचा. इंद्रजाल टाइम्सवाल्यांनी १९६४ साली काढलं आणि १९९० ला बंद केलं, म्हणजे मी वाचायला लागलो तेव्हा ते शेवटच्या घटका मोजत होतं, पण ते काय आम्हाला माहिती, आमच्या लायब्ररीत दहा दहा वर्षांपूर्वीचे अंक नवे म्हणून फिरायचे. एकदा जून महिन्यात असाच एक वेताळ शर्टात खुपसून घरी येत होतो, पाऊस, घसरलो आणि वेताळ थेट गटारात. घरी आणून गुपचूप इस्त्रीखाली वाळवला. पानं सुटली पण समोरासमोरच्या पानांची शाई एकमेकांवर चढलेली, म्हणजे ह्या पानावर वेताळ घोड्यावर बसलाय आणि समोरच्या पानावर त्याचीच उलटी जांभळी सावली. लायब्ररीवाल्यांनी पाच रुपये घेतले आणि म्हणाले, आता हा तुझाच. पाच रुपये म्हणजे तेव्हा वीस दिवसांचं वाचन गेलं. तो अंक अजून आहे माझ्याकडे.

तर तो अंक परवा काढला आणि बघतो तर काय, ह्यालाही डोळे नाहीत! म्हणजे मुखवट्याला भोकं आहेत, पण आत बुब्बुळं नाहीत, नुसतं पांढरं. ली फॉकने १९३६ साली अमेरिकेतल्या पेपरांसाठी वेताळ सुरू केला तेव्हा ती कल्पना त्याने ग्रीक पुतळ्यांवरून उचलली होती, त्या पुतळ्यांचे डोळे असेच कोरे दिसतात ना, आणि त्यामुळे एक गूढ, माणसापलीकडचं काहीतरी वाटतं. गंमत म्हणजे त्या पुतळ्यांचे डोळे मुळात रंगवलेले असायचे, दोन हजार वर्षांत रंग उडून गेला. म्हणजे उडालेल्या रंगावरून एका माणसाला आयडिया सुचली आणि नंतर बॅटमनपासून कोणकोण मुखवटेवाले पांढरे डोळे घेऊन फिरायला लागले.

आज वेताळ वाचावा का? खरं सांगू, गोष्ट म्हणून त्यातलं बरंच काही आता खटकतं. आफ्रिकेसारखं जंगल, तिथले सगळे लोक भाबडे आणि त्यांना वाचवायला एक गोरा माणूस २१ पिढ्या बसलेला. मूळ देशाचं नाव बंगालसारखं वाटायचं म्हणून आपल्याकडे ते डेंकाली केलं. हे सगळं मान्य. पण त्या २१ पिढ्यांची जी कल्पना आहे, बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि बाहेरच्या जगाला वाटतं हा अमर आहे, ती मला अजूनही जबरदस्त वाटते. आणि म्हणून डोळे कोरे ठेवणं किती हुशारीचं आहे बघा, डोळे दिसले असते तर बाप कोण नि मुलगा कोण हे ओळखू आलं असतं की.

पोशाखावरून आठवलं, आपला वेताळ जांभळा, पण इटलीत तो लाल आणि स्वीडनमध्ये निळा आहे. ज्याने त्याने आपापल्या छापखान्यात ठरवलं. आमच्या गटारातल्या वेताळाचा तर मधूनच तपकिरी पण झालाय.

अमर चित्र कथेबद्दल नव्याने काय सांगायचं, प्रत्येकाच्या घरी होत्याच. १९६७ ला अनंत पैंनी सुरू केलं, दिल्लीत टीव्हीवर एका क्विझमध्ये मुलांना ग्रीक देव माहीत पण रामाच्या आईचं नाव सांगता येईना, हे बघून. मला लहानपणी एक कोडं पडलेलं, 'कृष्ण' हा पहिला अंक म्हणतात तर त्यावर ११ नंबर का? पहिले दहा कुठायत? मी त्या लायब्ररीवाल्यांना इतका पिडला ना त्यावरून. नंतर मोठा झाल्यावर कळलं की पहिले दहा परदेशी परीकथांचे होते, सिंड्रेला वगैरे टाइप, आपल्या गोष्टी अकरापासून सुरू.

पण यावेळी बघताना मी चित्रकारांची नावं वाचली, जी लहानपणी कधीच वाचली नव्हती, आणि वेडाच झालो. तो ११ नंबरचा कृष्ण काढलाय राम वाईरकरांनी. आणि टिंकलमधला सुप्पंडीही त्यांचाच! म्हणजे एकाच हाताने तो गोल गोंडस लोणी खाणारा कृष्ण काढलाय आणि त्याच हाताने वरून इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट डोक्याचा सुप्पंडी. सुप्पंडीच्या पहिल्या गोष्टी त्रिचीच्या एका वाचकाने पत्रातून पाठवलेल्या, पण ते डोकं वाईरकरांचं, आणि डोकं बघितलं की अर्धा विनोद तिथेच झालेला असतो. सुप्पंडी मूर्ख नाहीये हां, माझं ठाम मत आहे, तो फक्त सांगितलेलं अक्षरशः ऐकतो. आमच्या ऑफिसात असे चार जण आहेत आणि त्यातला एक मॅनेजर आहे.

दुसरा धक्का प्रताप मुळीक. अमर चित्र कथेतलं शिवाजी महाराजांचं पुस्तक त्यांचं, घोडे असे काही काढलेत की टापांचा आवाज येतो. आणि हेच मुळीक १९८६ ला राज कॉमिक्सच्या पहिल्या नागराजचे चित्रकार. नागराज! हिरवा, अंगातून साप सोडणारा. आमच्याकडे ही हिंदी कॉमिक्स एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर मिळायची आणि घरात त्यांना सक्त बंदी होती. अमर चित्र कथा चालेल, संस्कार होतात, नागराज नको, डोकं खराब होतं. आणि काढणारा माणूस तोच. बाबांना हे आत्ता सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि पेपरमागे गेले.

एक मात्र नुसतं चित्र बघायला बसलं की अमर चित्र कथेत लगेच टोचतं. राजकन्या झाडून सगळ्या गोऱ्यापान, आणि असुर झाडून सगळे काळे, जाड ओठांचे. शब्द वाचताना हे सटकन निसटून जातं कारण गोष्टीचा ओघ असतो. पण चिऊसारख्या न वाचणाऱ्या पोराच्या डोक्यात काय जात असेल, तर एवढंच ना, की काळा दिसला की तो वाईट. द्या मुलांना, नक्की द्या, पण शेजारी बसून द्या.

चिंटूचं थोडक्यात सांगतो कारण ज्याच्या घरी मराठी पेपर यायचा त्याला सांगायची गरज नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर, १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झालेलं. आमच्या घरी सकाळी पेपरवरून जी मारामारी व्हायची ती चिंटूवरून. मिनी, पप्पू, बगळ्या, जोशीकाकू, ही मंडळी मला आमच्या काही नातेवाइकांपेक्षा जास्त जवळची आहेत. पुस्तकंही मिळतात, मुलांना स्वतःच्या स्वतः मराठी वाचायची गोडी लावायची असेल तर ह्यापेक्षा सोपा रस्ता मला माहीत नाही, तीन चार चौकटी, दोन दोन वाक्यं, आणि बोलणारं मराठी, पुस्तकी नाही. फक्त वाचताना शेवटच्या चौकटीत बोलणाऱ्याकडे बघू नका, ऐकणाऱ्याचा चेहरा बघा. माल तिथे असतो.

आता टिनटिन. टिनटिन मला फार उशिरा भेटला, इंजिनिअरिंगला पुण्यात असताना रूममेटच्या बॅगेत. तोपर्यंत आम्ही त्याचं नावही ऐकलेलं नाही. रूममेट मुंबईचा, त्याचं बालपण त्याच्यावर गेलेलं, आणि मला काय म्हणाला, "तू टिनटिन नाय वाचलास? मग तू केलंस काय लहानपणी?" (गटारातून वेताळ काढला.) त्याने हातात दिलं ते 'टिनटिन इन तिबेट', आणि आजही कुणी मला एकच कॉमिक सांग म्हणालं तर मी हेच सांगतो.

टिनटिन काढणारा एर्जे बेल्जियमचा. खरं नाव जॉर्ज रेमी, त्याची आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये उच्चारली की एर्जे. १९२९ पासून तो टिनटिन काढत होता, आणि तिबेट पुस्तकरूपात आलं १९६० ला. म्हणजे तीस वर्षांचा मुरलेला हात. पण हे पुस्तक काढताना त्याची अवस्था वाईट होती, लग्न मोडकळीला आलेलं, पुन्हापुन्हा पांढऱ्याशुभ्र रंगाची भयानक स्वप्नं पडायची, सगळं पांढरं, पांढरं आणि पांढरं. मानसोपचारतज्ज्ञाने सांगितलं काम बंद करा. ह्याने काम बंद केलं नाही, उलट आख्खं पुस्तकच बर्फात नेऊन ठेवलं.

गोष्ट तशी एका वाक्याची आहे. टिनटिनचा मित्र चँग ज्या विमानात होता ते हिमालयात कोसळलंय, पेपरात छापून आलंय की कुणी वाचलं नाही, आणि टिनटिनला स्वप्न पडलंय की चँग जिवंत आहे. बास. ह्यात व्हिलन नाही. खजिना नाही. सगळे म्हणतायत अरे गेला तो, सोड, आणि हा चाललाय. वाटेत दिल्लीपण लागते, लाल किल्ला, कुतुबमिनार, आणि गल्लीत आडवी बसलेली गाय जिला ओलांडायच्या नादात टिनटिनचा जोडीदार कॅप्टन हॅडॉक तिच्यावरच स्वार होतो आणि गाय उधळते. बेल्जियममध्ये बसून त्याने ती गाय इतकी बरोबर पकडलीये ना, तिची ती 'मी उठणार नाही' वाली मान.

आता बघायची गोष्ट. टिनटिनचे डोळे म्हणजे दोन ठिपके. शाईचे दोन ठिपके आणि वर भुवया, संपलं. मागचे डोंगर, विमान, मठ, दोर, सगळं बारीक तपशिलात, आणि चेहरा जवळजवळ कोरा. मी नुसतं बघत बघत गेलो तर जाणवलं की त्या दोन ठिपक्यांत एर्जे काहीच सांगत नाही, आपणच घालतो त्यात जे काय घालायचं ते. एका कड्यावर टिनटिन दोराला धरून उभा आहे आणि खाली त्याच दोराला कॅप्टन लोंबकळतोय, टिनटिनला वर ओढता येत नाही, जास्त वेळ धरवतही नाही. कॅप्टन म्हणतो, मी दोर कापतो, निदान तू तरी वाच. हा कॅप्टन म्हणजे एरवी दारू आणि शिव्या ह्यापलीकडे काही नसलेला माणूस बरं का. चाकू काढतो, थंडीने बोटं बधीर झालेली, आणि चाकू हातातून निसटून खाली जातो. मी हे पान १९व्या वर्षी सरसर वाचून पुढे गेलेलो, वाचतील ना, हिरो आहेत, असं म्हणून. परवा मी त्या पानावर अडकलो. माझाही एक मित्र आहे ज्याच्याशी मी सहा वर्षं बोललो नाहीये, एका फालतू कारणावरून, ते जाऊ दे.

आणि शेवटची चौकट. (पुस्तक वाचायचं असेल तर हा परिच्छेद सोडा.) चँगला जिवंत ठेवलेलं असतं यतीने, म्हणजे हिममानवाने, ज्याला सगळे राक्षस म्हणतायत त्याने. चँगला घेऊन सगळे निघतात, रांग बर्फातून चाललीये, आणि लांबून तो यती बघतोय एकटा. एवढंच. ह्या पुस्तकात ज्याने शेवटी मित्र गमावला तो हा, आणि त्याला एक शब्द दिलेला नाही.

चँग खरा होता. चँग चोंग-जेन नावाचा चिनी विद्यार्थी ब्रसेल्सला शिकायला आलेला, १९३४ ला एर्जेशी त्याची दोस्ती झाली, मग तो चीनला परत गेला आणि युद्ध, क्रांती, सगळ्यात पत्ताच लागेना. ते भेटले थेट १९८१ ला. दोन वर्षांनी एर्जे गेला. हे वाचल्यानंतर परत ते पुस्तक उघडून बघा.

'माऊस' मी मुलांच्या यादीत टाकणार नाही, आठवी नववीच्या पुढे ठीक. आर्ट स्पीगलमनच्या वडिलांची गोष्ट, ते पोलंडमधले ज्यू, ऑशविट्झ ह्या नाझी छळछावणीतून वाचलेले. दोन भाग, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ ला ह्याला पुलित्झरचं विशेष पारितोषिक मिळालं. ज्यू सगळे उंदीर, जर्मन सगळे मांजरी, पोलिश डुकरं. ऐकायला टॉम अँड जेरी वाटतं. उंदीर सगळे एकसारखेच दिसतात, कपड्यांवरून, चष्म्यावरून ओळखायचे, आणि तुम्ही जर माझ्यासारखं आधी नुसतं बघायचं ठरवलंत तर पहिली पन्नास पानं कोण कोण आहे काही कळत नाही, आणि हळूहळू लक्षात येतं की नाझींना ही माणसं अशीच दिसत होती, एकसारखी. एक बारकी गोष्ट सांगतो. ज्यू लोक लपूनछपून पोलिश म्हणून वावरतात तेव्हा त्या उंदरांनी डुकराचा मुखवटा घातलेला दाखवलाय आणि मागे मुखवट्याची दोरी दिसते. गाठ मारलेली दोरी. त्या माणसाला रस्त्यावरून चालताना काय भीती वाटत असेल त्याचं एका दोरीत काम झालंय. आणि सुरुवातीलाच म्हातारा बाप घरातल्या सायकलवर व्यायाम करत गोष्ट सांगतोय, सायकल जागच्या जागी, आणि हँडलवर ठेवलेल्या हातावर गोंदलेला नंबर. फुग्यात त्या नंबराबद्दल एक अक्षर नाही.

२०२२ ला अमेरिकेत टेनेसीमधल्या एका शाळा मंडळाने हे अभ्यासक्रमातून काढलं, कारण काय तर शिव्या आणि नग्न चित्र. मग काय, लोकांनी धडाधड विकत घेतलं.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. 'भीमायन', बाबासाहेब आंबेडकरांवरचं कॉमिक. २०११ ला नवयाना प्रकाशनाने काढलं, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड आदिवासी चित्रकारांची, लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. बाबासाहेबांवर अमर चित्र कथेचंही पुस्तक आहे, मी शाळेत वाचलेलं, चांगलंय, पण ते सगळं चौकोनात. भीमायनमध्ये चौकटीच नाहीत. व्याम दाम्पत्याने स्पष्ट सांगितलं की आम्ही आमच्या माणसांना डब्यात कोंबणार नाही, गुदमरतात. मग पानाचे भाग पाडलेत ते दिग्ण्यांनी, म्हणजे गोंड लोक भिंतीवर जमिनीवर जी नक्षी काढतात त्याने, ती वळत वळत जाते आणि आपण तिच्यामागून.

मी हे पहिल्यांदा उघडलं आणि तिसऱ्या मिनिटाला मसूर आलं.

मसूर म्हणजे आमच्यापासून पंधरा-वीस किलोमीटर. पुणे-मिरज लाईनवरचं छोटं स्टेशन. आत्याकडे जाताना पॅसेंजरने मी शंभरदा तरी तिथून गेलोय, प्लॅटफॉर्मवर उतरून नळाला तोंड लावून पाणी प्यायलोय. आणि १९०१ साली ह्याच स्टेशनवर साताऱ्याहून आलेली पोरं उतरली होती, नवे कोरे कपडे, जरीच्या टोप्या, वडिलांना भेटायला निघालेली. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला कामाला. पत्र पोचलेलं नाही, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर चांगले कपडे बघून प्रेमाने चौकशी करतो, कोण रे बाळांनो तुम्ही, आणि पोरं सांगतात आम्ही महार. त्याचा चेहरा पडतो. एकही गाडीवान न्यायला तयार होत नाही. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार होतो पण अट काय, गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. मध्यरात्रीपर्यंत प्रवास, डब्यात जेवण आहे आणि पाणी नाही. म्हणजे आजूबाजूला आहे, ह्यांना मिळत नाही. ते जेवण तसंच राहतं. त्या पोरांतला एक नऊ-दहा वर्षांचा भीम.

हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय आणि मी, कराडात वाढलेला माणूस, शाळेत त्यांच्या जयंतीला दोन वेळा भाषण केलेला माणूस, मला हे पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. भाषणात 'कष्टातून शिक्षण घेतलं' एवढं एक वाक्य होतं. मसूरचं नाव नव्हतं. नाव असतं तर वर्गातल्या प्रत्येकाला ते स्टेशन डोळ्यासमोर आलं असतं, बहुतेक म्हणूनच नसावं.

चित्रात ती आगगाडी साप झालीये, लांबलचक. आणि फुगे. मी एवढे फुगे वाचलेत आयुष्यात पण असे कधीच नाही बघितले. साधं, प्रेमाचं बोलणं असेल तर फुग्याचा आकार पक्ष्यासारखा. जातीवरून टोचणारं बोलणं असेल तर त्याच फुग्याला शेवटी विंचवाची नांगी. म्हणजे शब्द वाचायच्या आधीच कळतं की हा माणूस डंख मारणार आहे, वाचता न येणाऱ्याला पण कळेल. आणि मनातला विचार असेल तर त्या फुग्यावर एक डोळा काढलाय. मनाचा डोळा.

एवढी वर्षं डोळे नसलेले हिरो बघितले आणि हे पुस्तक म्हणजे डोळेच डोळे. गोंड चित्रांत माणूस बाजूने काढतात आणि त्याला एक मोठा डोळा. माणसाला, बैलाला, माशाला, सगळ्यांना. पानभर ते बघतायत तुमच्याकडे आणि तुम्ही सरसर पुढे जाऊ शकत नाही. पुस्तकात मधे मधे आजच्या पेपरातली कात्रणं आहेत, विहिरीवरून मारहाण वगैरे, म्हणजे जुनी गोष्ट म्हणून सुटायची सोय ठेवलेली नाही. काहींना पुस्तक थोडं शिकवायला बसल्यासारखं वाटेल, ते बस स्टॉपवरचे दोघं जण आरक्षणावर बोलतात तो भाग मलाही जरा भाषणी वाटला. पण चित्रं एवढी ताकदीची आहेत की चालतंय.

ऑफिसातल्या मित्रा, तुझी मुलगी सहावीत आहे ना, तिला हे दे. आणि तिबेट दे. माऊस तू स्वतः वाच आधी.

ह्या सगळ्यात चिऊ आणि ताई परत गेल्या त्याला दोन महिने झाले. परवा लिहायला म्हणून तोच टिंकलचा अंक परत काढला, १९८७ चा, चारही कोपरे शाबूत असलेला, मी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला. शंभूच्या गोष्टीचं पान उघडलं. पहिल्या चौकटीत हॅटवर हिरव्या स्केचपेनने दोन डोळे काढलेत, पापण्यांसकट. दुसऱ्या चौकटीत पण. तिसऱ्या, चौथ्या, सगळीकडे. वाघ जिथे झाडामागे आहे तिथे ते डोळे बरोब्बर वाघाकडे वळवलेत.

ताईला फोन लावला होता चिडून. उचलला चिऊने. "मामा, आता दिसतोय ना त्यांना?"